हनुवटीवरचा खटका टिकेल का?

मा. नितीन गडकरी
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री, नवी दिल्ली



हेल्मेट घालावं की नाही, या वादात मला पडायचं नाही. त्यावरून पुण्यात मोर्चे निघून झाले, विनोद करून झाले, आणि तुमच्याच मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालाने उत्तरही देऊन टाकलं आहे. त्या वर्षी देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ५०,०२९ जण दुचाकीवर हेल्मेटशिवाय होते, आणि त्यांतले १४,३३७ तर मागे बसलेले. माझा प्रश्न याच्या पुढचा आहे. ज्याला हेल्मेट घालायचंच आहे, त्यासाठी खिशातून दोन, चार, आठ हजार काढायची ज्याची तयारी आहे, तो दुकानात जाऊन उभा राहतो तेव्हा निवड करण्याजोगं त्याच्या हाती काय पडतं? रंग, किंमत आणि दुकानदाराचा शब्द. फ्लिप-अप हेल्मेट घेणाऱ्याच्या बाबतीत ही अडचण सगळ्यांत जास्त आहे, म्हणून हे पत्र.

मी साताऱ्याला राहते, मोटरसायकल चालवते आणि मला चष्मा आहे. चष्मेवाल्यांना फुल फेस हेल्मेट म्हणजे रोजची कसरत. आधी चष्मा काढा, हेल्मेट चढवा, मग गालाच्या फटीतून काड्या आत सरकवत कान शोधा. फ्लिप-अपमध्ये बटण दाबलं की हनुवटीपुढचा भाग काचेसकट वर जातो. चष्मा जागच्या जागी राहतो, टपरीवर चहा पिता येतो, पंपावरच्या पोराशी बोलता येतं, सोसायटीच्या वॉचमनला तोंड दाखवता येतं. (गुटखेवाल्यांनाही हेच हेल्मेट आवडतं. मागून येणाऱ्याने त्याची वेगळी काळजी घ्यायची असते.) १९८१ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने ‘सिस्टिम’ नावाने असं हेल्मेट आणलं आणि तिथून हा प्रकार जगभर रुळला. आता आपल्याकडेही दीड-दोन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत हव्या त्या किमतीत मिळतो. कंपन्या त्याला मॉड्युलर म्हणतात.

सोय आहे, वाद नाही. पण या सोयीपायी हेल्मेटच्या तोंडाला एक सांधा आला. फुल फेसचं कवच एकसंध असतं. इथे हनुवटीचा भाग दोन बिजागऱ्यांवर आणि दोन खटक्यांवर उभा असतो. बटण एकच, पण आतून ते दोन्ही बाजूंचे खटके एकदम सोडवतं. पडल्यावर हनुवटी रस्त्यावर आपटली आणि त्या क्षणी खटका सुटला, तर डोक्यावर उरतं ते उघडं हेल्मेट, तेही पुढे दीड वीत लोंबता भाग घेऊन. हनुवटी ही काही क्वचित आपटणारी जागा नव्हे. हॅनोव्हरच्या वैद्यकीय विद्यापीठात डिटमार ओटे यांनी अपघातग्रस्त दुचाकीस्वारांच्या हेल्मेटांवरचे घाव कुठे कुठे आहेत ते नोंदवले होते. त्यातले साधारण एक तृतीयांश हनुवटीच्या पट्ट्यात निघाले. माथ्यावरचे घाव, ज्यांच्या भीतीने आपण हेल्मेट घेतो, ते त्या मानाने किरकोळ.

म्हणजे फ्लिप-अप घेताना पहिला प्रश्न एकच पडायला हवा: मिटल्यावर ते मिटलेलं राहतं का? आणि नेमकं याचंच उत्तर आपल्याकडे हेल्मेटवर कुठे सापडत नाही.

तुमच्या मंत्रालयाने २६ नोव्हेंबर २०२० ला आदेश काढला आणि १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्हाशिवाय दुचाकीचं हेल्मेट बनवणं, विकणं, आयात करणं बेकायदा ठरलं. हे पाऊल फार मोठं होतं. त्याआधी डोक्यावर काहीतरी टोपल्यासारखं असलं की मामा सोडत, एवढंच प्रमाण होतं. आता हेल्मेटवर आयएसआयचं चिन्ह, त्याच्या वर आयएस ४१५१ आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर टाकला की परवाना कुणाचा आहे, चालू आहे की संपला, हे दिसतं. हायवेच्या कडेला झाडाला लटकवलेली हेल्मेटं विकणाऱ्यासमोर हे करून पाहावं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पण हे चिन्ह पास की नापास एवढंच सांगतं. वर्गात पस्तीस मिळवणारा आणि पंच्याण्णव मिळवणारा, दोघांच्या प्रगतिपुस्तकावर नुसतं ‘उत्तीर्ण’ लिहावं, तसं. दोन हजारांचं फ्लिप-अप आणि बारा हजारांचं फ्लिप-अप काउंटरवर शेजारी ठेवलं तर चिन्ह दोघांवरही तेच. कुणाचा खटका किती माराला टिकतो, हे त्यावरून मला कळत नाही, दुकानदाराला कळत नाही, आणि अशा हेल्मेटवर चलन फाडणाऱ्या किंवा न फाडणाऱ्या पोलिसालाही कळत नाही.

युरोपात निदान अर्धं उत्तर लेबलवर मिळतं. तिथल्या ईसीई २२ या नियमावलीप्रमाणे हेल्मेटच्या पट्ट्याला एक चिंधी शिवलेली असते. गोलात इंग्रजी ई, त्याच्यापुढे मान्यता देणाऱ्या देशाचा आकडा (१ म्हणजे जर्मनी, ३ म्हणजे इटली, ९ म्हणजे स्पेन), आणि मान्यता क्रमांकाबरोबर अक्षरं. पी असेल तर हनुवटीचा भाग खरोखर संरक्षक म्हणून तपासलेला आहे. जे असेल तर ते उघडं हेल्मेट म्हणून तपासलं आहे. एनपी असेल तर पुढे जे काही दिसतंय ते वाऱ्यापुरतं, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि पी/जे असेल तर ते मिटूनही तपासलंय आणि उघडूनही. फ्लिप-अप घेणाऱ्यासाठी लेबलवरची ही दोन-तीन अक्षरं हेल्मेटवरच्या सगळ्या नक्षीपेक्षा मोलाची आहेत. कारण आपल्याकडचे निम्मे फ्लिप-अपवाले गावातून जाताना तोंड वर करूनच जातात. ज्याला फक्त पी आहे, त्याने तसं जाणं म्हणजे न तपासलेलं हेल्मेट घालून जाणं. पी/जे हेल्मेटांना वर उचललेला भाग तिथेच अडकवायला बहुतेक वेळा एक छोटी कळ असते. ती नसेल तर स्पीडब्रेकरवर तो भाग खाडकन खाली येऊन डोळ्यांपुढे काच आडवी येते.

मान्यता क्रमांकाचे पहिले दोन आकडे ०६ असतील तर हेल्मेट नव्या, म्हणजे २२.०६ या आवृत्तीचं. ही आवृत्ती जानेवारी २०२१ मध्ये लागू झाली. जुन्यात हेल्मेट सेकंदाला साडेसात मीटर वेगाने आपटत असत. नव्यात त्याहून कमी आणि त्याहून जास्त, ८.२ मीटरपर्यंतचे वेगही आले. शिवाय ४५ अंशांच्या तिरक्या पृष्ठभागावर घासटून डोकं किती गिरकी खातं तेही मोजू लागले. गिरकीचं महत्त्व मेंदूच्या डॉक्टरांना विचारावं: कवटी शाबूत राहूनही आत मेंदू पिळवटला जातो तो याने.

आपल्या हेल्मेटांवर ‘डीओटी’ असा अमेरिकी स्टिकर मिरवण्याची हौस आहे, त्याबद्दलही एक वाक्य. त्या प्रमाणात हनुवटीच्या भागाची चाचणीच नाही, आणि शिक्का कंपनीने स्वतःच स्वतःला द्यायचा असतो. फ्लिप-अपच्या बाबतीत तो स्टिकर शोभेचा.

चाचणीतले सेकंदाला साडेसात मीटर म्हणजे ताशी २७ किलोमीटर, हे ऐकलं की लोक हसतात. हायवेवर ऐंशीने जाणाऱ्याला याचा काय उपयोग, असं विचारतात. उपयोग असा की गाडी ऐंशीने पुढे जात असली तरी डोकं जमिनीवर पडतं ते गाडीवर बसलेल्या माणसाच्या उंचीवरून. दीड-पावणेदोन मीटरवरून पडलेली वस्तू ताशी वीसच्या आसपास वेगाने जमिनीला लागते. पुढचं घसटणं वेगळं, समोर खांब किंवा ट्रकचा मागचा बंपर असला तर ते आणखी वेगळं. पण रस्त्यावर पडणाऱ्या बहुतेकांचं डोकं ज्या माराने आपटतं, तो मार चाचणीच्याच मापातला असतो. तो पचवतो हेल्मेटच्या आतला थर्मोकोल. तो एकदा दबला की परत फुगत नाही, म्हणून आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी टाकायचं असतं. आरशाच्या टोकावर हेल्मेट अडकवायची आपली सवयही याच थर्मोकोलात खळी पाडते.

मुख्य मुद्दा ब्रिटनचा. तिथल्या वाहतूक खात्याने २००७ साली ‘शार्प’ नावाची योजना सुरू केली. हे लोक कंपनीकडून नमुना मागवत नाहीत. सामान्य गिऱ्हाइकासारखे दुकानातून हेल्मेट विकत आणतात आणि एकेका मॉडेलवर ३२ आघात करून एक ते पाच तारे देतात. निकाल फुकटात कुणालाही पाहता येतात. आणि फ्लिप-अप असेल तर ताऱ्यांच्या जोडीला आणखी एक आकडा छापतात: चाचण्यांतल्या किती टक्के आघातांत हनुवटीचा भाग मिटलेला राहिला. काही हेल्मेटांचा आकडा शंभर असतो, काहींचा त्याच्या पुष्कळ खाली. आणि तारे चांगले असूनही खटका कच्चा, अशीही हेल्मेटं त्या यादीत सापडतात. एवढा एक आकडा आम्हाला मिळाला, तर निम्मं काम झालं.

तुम्हाला हे नवं नाही. २२ ऑगस्ट २०२३ ला तुम्हीच कारना सुरक्षेचे तारे देणारं ‘भारत एनकॅप’ जाहीर केलंत आणि १ ऑक्टोबरपासून ते सुरू झालं. आज कार घेणारा मध्यमवर्गीय मायलेजबरोबर तारे विचारतो, आणि कंपन्या जाहिरातीत तारे मोठ्या अक्षरांत छापतात. ज्याच्याभोवती पत्रा आहे, एअरबॅग आहे, पट्टा आहे, त्याला तारे. आणि ज्याच्याभोवती फक्त हेल्मेट आहे, त्याला चिन्हावर समाधान मानायला सांगणं, हा न्याय मला कळत नाही.

तारे येईपर्यंत आम्ही काय करतो, तेही सांगते, म्हणजे सामान्य गिऱ्हाइकाला काय काय करावं लागतं याची कल्पना येईल.

भुवयांच्या वर दोन बोटं टेप फिरवून डोक्याचा घेर मोजायचा. शर्टाच्या मापाने हेल्मेटचं माप ठरत नाही. मग आकार: कुणाचं डोकं वरून पाहता गोल, कुणाचं पुढेमागे लांबट. घेर जुळूनही आकार जुळला नाही की कपाळावर किंवा कानशिलावर एक ठिकाण दुखू लागतं. म्हणून दुकानात ते घालून पंधरा-वीस मिनिटं उभं राहायचं. दुकानदार वैतागतो, वैतागू द्यावा. काढल्यावर कपाळावर लाल वण उमटला असेल तर ते हेल्मेट आपलं नव्हे. गाल मात्र दाबले जायला हवेत, इतके की बोलताना गालाची आतली बाजू दाताखाली यावी. नवी गादी वापरून सैलावते. दुकानात आरामशीर वाटणारं हेल्मेट दिवाळीपर्यंत डोक्यावर गरगर फिरू लागतं.

फ्लिप-अपची इथे एक वेगळी गंमत आहे. उघडं असताना ते कुठल्याही डोक्यात सुखाने शिरतं, त्यामुळे माप बसलं असं वाटतं. खरं माप मिटल्यावर कळतं. हनुवटी पुढच्या भागाला टेकत असेल तर ते नको. मिटताना दोन्ही बाजूंचे ‘खट्’ ऐकू यायला हवेत. एकाच बाजूचा आला तर दुसरा खटका लागलेला नाही, आणि बाहेरून ते दिसत नाही. मग हनुवटीखाली बोटं घालून भाग जोरात पुढे ओढायचा. खटक्याची खुंटी प्लॅस्टिकची आहे की धातूची, हे उघडून पाहायचं आणि धातूची घ्यायची. पट्टा आवळून मागून मानेपाशी धरून हेल्मेट पुढे लोटायचं. ते डोक्यावरून निघून आलं, तर अपघातात ते आपल्याआधी रस्त्यावर पोचेल. आणि हातमोजे घालून एका हाताने बटण सापडतं का, हेही बघायचं. मोज्यांशिवाय दुकानात सगळंच सापडतं.

बायकांसाठी दोन गोष्टी, कारण हेल्मेट विकणाऱ्यांना त्या बहुधा ठाऊक नसतात. अंबाड्यावर हेल्मेट बसत नाही, ते वर उचललं जातं आणि मागची बाजू उघडी पडते. मानेलगत सैल वेणी चालते. पुण्याच्या मुली बांधतात तसा जाड स्कार्फ आत ठेवला तर माप स्कार्फसकट घ्यावं, नाहीतर स्कार्फ सोडला त्या दिवशी हेल्मेट सैल. डोक्याला तेल लावणाऱ्या घरात आतलं अस्तर काढून धुता येतं का, हे आधी विचारावं.

आराम ही चैन नव्हे, हे मला तुम्हाला मुद्दाम सांगायचंय. फ्लिप-अपला बिजागरी, खटके आणि बऱ्याचदा आत एक काळी काच असते, त्यामुळे त्याचं वजन दीड किलोच्या पुढे सहज जातं. मान दुखू लागली की हेल्मेट कोपरात अडकतं. सांध्याच्या फटीतून वारा शिरून शिट्टी वाजते आणि त्या आवाजाने तासाभरात डोकं भणभणतं. पावसाळ्यात ताम्हिणीला किंवा आंबोलीला काचेवर श्वासाची वाफ धरते, मग माणूस हनुवटीचा भाग बोटभर वर करून, खटका न लावता चालवतो. ही फ्लिप-अपची सगळ्यांत वाईट अवस्था: ना उघडं, ना मिटलेलं. म्हणून काचेच्या आत बसणारी पिनलॉकची दुसरी पातळ काच ज्याला लागते, असं हेल्मेट आमच्या कोकण-घाटमाथ्याच्या लोकांनी घ्यावं. आतली काळी काच मात्र खरोखर कामाची: खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना अंगठ्याने वर ढकलली की झालं. ज्याला गरम होत नाही, टोचत नाही, दिसायला अडचण येत नाही, तो हेल्मेट घालतो. बाकीच्यांना चलनाची आठवण करून द्यावी लागते.

एवढं सगळं करूनही आम्ही तपासतो ते हाताच्या जोराने. आघातात खटका टिकेल का, हे दुकानात कळायला मार्ग नाही. ते कळतं प्रयोगशाळेत, आणि पुण्यात वेताळ टेकडीवर वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआयसारखी संस्था असताना आपल्याकडे साधनं नाहीत, असं कुणी म्हणू नये. २०२४ च्या डिसेंबरात लोकसभेत तुम्ही म्हणाला होतात की परदेशातल्या परिषदांत रस्ते अपघातांचा विषय निघाला की तोंड लपवावंसं वाटतं. मंत्र्याने एवढं मोकळेपणाने बोलणं मला भावलं. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, दुसऱ्या कुणाला नाही.

माझी मागणी अशी. फ्लिप-अपवर, मिटलेलं तपासलंय, उघडं तपासलंय की दोन्ही, हे आयएसआय चिन्हाशेजारी मराठी-हिंदीतही समजेल अशा खुणेने छापलं जावं; बंद आणि उघड्या हेल्मेटची दोन छोटी चित्रं पुरतील. हेल्मेटांना तारे द्यावेत आणि फ्लिप-अपला खटक्याचा टक्का स्वतंत्र द्यावा, ताऱ्यांत मिसळून नव्हे. नमुने बाजारातून विकत आणावेत, कंपनीने निवडून पाठवलेले नकोत. कंपन्या म्हणतील, किंमत वाढेल. थोडी वाढेलही. पण कारवाल्या कंपन्याही सुरुवातीला हेच म्हणत होत्या.

आणि चाचणीला पहिल्यांदा दोन हजारांच्या आतली फ्लिप-अप घ्या. पंधरा हजारांचं घेणारा चार ठिकाणी चौकशी करतो, परदेशातले निकाल वाचतो आणि मग घेतो. दोन हजारांचं घेणाऱ्याच्या मॉडेलचं नाव त्या परदेशी याद्यांत नसतंच, आणि रस्त्यावर संख्या त्याची जास्त आहे.

कळावे,
आपली,
साताऱ्याची एक दुचाकीस्वार